केरबाने दिलेली वाट

आमच्या गावात घरटी एक माणूस पलटणीत होता. काही घरांत दोन होते, आणि शेवाळ्यांच्या वाड्यात तर बाप, चुलता आणि तीन भाऊ मिळून अख्खी तुकडीच होती. अशा गावातला केरबा शेवाळे आरमारात गेला, म्हटल्यावर लोक हसले नसते तरच नवल. शिराळा पेट्यातलं, वारणेच्या काठचं आमचं गाव. नदीला पाणी चढलं की पलीकडच्या काठाला सोयरीक करू नये म्हणणारी माणसं आम्ही. समुद्र गावात एकट्या सुभेदार लालासाहेबांनी पाहिला होता, पहिल्या लढाईत बसऱ्याला जाताना. पण ती सगळी वाट ओकण्यात गेल्यामुळे त्याबद्दल सांगण्यासारखं त्यांच्याजवळ फारसं काही नव्हतं.

केरबाचा दोष एवढाच, की बेचाळीस साली साताऱ्याच्या भरतीत त्याची छाती अर्धा इंच कमी भरली. पलटणीच्या डॉक्टरने त्याला बाजूला काढला. तिथेच कोपऱ्यातल्या टेबलावर आरमाराचा एक माणूस माश्या मारत बसला होता. त्याच्याकडे कुणी फिरकतच नव्हतं. केरबा त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"पोहता येतं?"

"वारणेत येतंय."

"आणि समुद्रात?"

"पानीच हाय न्हवं?"

हे त्याने मला स्वतः सांगितलं. तो थट्टा करत नव्हता. रिकाम्या हाताने घरी जायचं नाही असं त्याने ठरवलं होतं, आणि केरबाने एकदा ठरवलं की त्याच्याशी बोलण्यात अर्थ नसे. मी गावच्या शाळेत मास्तर होतो. त्याच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. त्याची पत्रं मी वाचायचो, उत्तरंही मीच लिहायचो, त्यामुळे त्याच्या घरचं मला जरा जास्तच ठाऊक असे. पुढे जे सांगणार आहे त्यात माझं वागणं काही फार शोभेचं नाही, तेही सांगून टाकतो.

भरती होण्याआधी केरबा गाडीवान होता. सोळाव्या वर्षापासून गुळाच्या ढेपा गाडीत भरून सांगलीच्या पेठेत न्यायचा. तेव्हा त्या रस्त्यावर गाडीवानांची एक रीत होती. खडीचा रस्ता एका गाडीपुरता. मागून पळत्या बैलांची घुंगरं ऐकू आली की पुढच्याने आपणहून कासरा ओढायचा, गाडी डाव्या अंगाला मातीत उतरवायची आणि मागच्याला जाऊ द्यायचं. जो उतरत नसे त्याला मग्रूर म्हणत, आणि आष्ट्याच्या मुक्कामाला त्याच्या चुलीवर कुणी भाकरी भाजायला येत नसे. केरबा या बाबतीत फारच भला. मागची गाडी अजून लांबच्या एखाद्या चिंचेपलीकडे असायची आणि हा मातीत उतरलेला असायचा. त्याचे बैलसुद्धा घुंगरू वाजलं की आपसूक डावीकडे ओढ घेत.

त्रेचाळीस साली पहिल्या रजेवर आला तेव्हा तो बोटीचं सुकाणू धरायला शिकत होता. वरच्या जागेसाठी तोंडी परीक्षा होती, आणि समुद्रावरच्या वाटेचे नियम पाठ करायचे होते. त्याने साहेबाकडून ते इंग्रजीत उतरवून आणले होते. मी त्यांचं मराठी करून दिलं. पाच दिवस आम्ही मारुतीच्या पारावर बसून ते घोकलं. बरेचसे नियम माझ्या डोक्यावरून गेले, पण एक मला नीट कळला. एक जहाज दुसऱ्याला मागून गाठून पुढे जात असेल, तर बाजूने जाण्याची जबाबदारी मागच्याची. पुढच्याने फक्त आपली दिशा आणि आपला वेग राखायचा. पूर्ण पुढे निघून मोकळा होईपर्यंत मागचा तो मागचाच.

"पण आपण मागून येतोय की आडवं, हे कसं ओळखायचं?" मी विचारलं.

"दिव्यावरनं, मास्तर. बोटीच्या डाव्या अंगाला तांबडा असतोय, उजव्या अंगाला हिरवा, आन पिछाडीला पांढरा. तुमाला निस्ता पांढरा दिसला, तर तुमी मागनं येताय. आपल्या गाडीच्या आसाखाली कंदील टांगलेला असतोय न्हवं, तसं." मग थोडं थांबून म्हणाला, "आपल्याकडं उलटं हाय. फुडचा वाट देतोय."

"तिकडे देऊ नकोस म्हणजे झालं," मी म्हणालो, आणि आम्ही दोघं हसलो. परीक्षा तो पास झाला. गावात पेढे वाटले गेले. लालासाहेब, म्हणजे त्याचे चुलते, त्यांनी पहिल्यांदा चारचौघांत कबूल केलं की आरमार हीसुद्धा एक प्रकारची फौजच असते.

पंचेचाळीसच्या फेब्रुवारीत तो महिन्याच्या रजेवर आला तो निराळाच माणूस होऊन. जेवायचा नाही, बोलायचा नाही. बनुबाई, त्याची बायको, माझ्याकडे येऊन म्हणाली, "मास्तर, लढाईत कायतरी बगून आल्याती. तुमी तरी इचारा." मी विचारलं. त्याने काही सांगितलं नाही. तेवढ्यात घरची शेती बघणाऱ्या त्याच्या भावाची गुळाची गाडी सांगलीला जायची होती. भावाला ताप आला, तेव्हा केरबाच म्हणाला मी नेतो. मला शाळेसाठी नकाशे घ्यायचे होते. मीही गाडीत चढलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आष्टा मागे टाकलं. ऊन चढलं नव्हतं. मागून घुंगरं ऐकू आली. कुणाची तरी रिकामी गाडी होती, बैल पळत होते. केरबाने मागे पाहिलंसुद्धा नाही. कासरा ओढला, गाडी डावीकडे मातीत उतरली, मागची गाडी उजव्या अंगाने खडखडत निघून गेली आणि तिच्या गाडीवानाने हात वर करून रामराम घातला. त्या रस्त्यावर दिवसातून वीस वेळा घडणारी गोष्ट. पण केरबाने गाडी परत रस्त्यावर घेतली नाही. तो आपल्या हातांकडे बघत बसला.

"मास्तर, ह्योच हात," तो म्हणाला. "ह्याच हातानं त्या मानसाचं वाटुळं केलंय."

मग तिथेच, मातीत उभ्या गाडीत, त्याने सगळं सांगितलं.

डिसेंबरातली संध्याकाळ होती. समुद्रातले सुरुंग काढणारी त्यांची बोट मुंबईकडे परतत होती. सुरुंग काढून साफ केलेली वाट अरुंद असते, तिच्याबाहेर जायची सोय नसते. मागून मालाची एक मोठी आगबोट आली. तिला घाई होती. तिने एक आखूड शिटी दिली, म्हणजे मी उजवीकडे वळून तुमच्या उजव्या अंगाने पुढे जाते. वरच्या साहेबाने बोलण्याच्या नळीतून खाली केरबाला सांगितलं, आहे तशीच ठेव. केरबाने उत्तर दिलं, आहे तशीच, साहेब. तोंडाने हे म्हणाला आणि हातांनी चाक डावीकडे फिरवलं.

"कवा फिरवलं त्ये मलाच ठावं न्हाई. मागनं कोन तरी आलं म्हनल्यावर हात गेला. वाट द्याया गेला."

"पण डावीकडे वळवलीस, आगबोट तर उजवीकडे होती. मग धक्का कसा लागला?"

"तितंच तर घोळ हाय. गाडीला बैल फुडं. बैल डावीकडं गेलं की गाडी त्येंच्या मागनं जाती. बोटीचं सुकाणू मागं असतंय. डावीकडं वळवा, तिचं ढुंगान पैलं उजवीकडं फेकलं जातंय. आगबोट लय जवळनं चालली हुती. आमची पिछाडी जाऊन तिच्या कुशीत बसली."

आगबोटीची एक होडी चुरडली, कठडा वाकला, एका खलाशाचा हात मोडला. केरबाने चाक तसंच परत सरळ केलं. साहेब त्या वेळी बाहेर वाकून आगबोटीकडे बघत होता. चाकाकडे कुणीच पाहिलं नव्हतं.

चौकशी बसली. साहेबाने सांगितलं, माझी बोट सरळ चालली होती. केरबाला शपथेवर विचारलं, दिशा राखली होतीस? तो म्हणाला, राखली होती. मग काय राहिलं? नियम स्वच्छ होता. मागून येणाऱ्याने बाजूने जायचं. आगबोटीचं सुकाणू धरणाऱ्या माणसाने ती केरबाच्या बोटीवर आणली, असं ठरलं. तो शंभरदा सांगत होता की मी सरळ धरली होती, हेच अंगावर आले. कुणी ऐकलं नाही. त्याचा बोटीवरच्या नोकरीचा दाखला काढून घेतला. मार्चच्या बैठकीत निकालावर शिक्का बसला की त्याला पुन्हा कुठल्या बोटीवर घेणार नव्हते.

"आन त्यो कोन हाय ठावं हाय का मास्तर? मिरजंचा हाय. वजीर. चौकशीच्या भाईर बाकड्यावर शेजारी बसलो हुतो. माझी भाषा ऐकून म्हनला, गड्या, तू आपल्याकडचा दिसतोस. मला बिडी दिली त्यानं."

आता मी काय म्हणालो ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मी म्हणालो, "केरबा, झालं ते झालं. तुझी जागा, तुझं पेन्शन, बनुबाई, पोरं, सगळ्यांचा विचार कर. नियम तुझ्या बाजूने आहे." शाळेत पोरांना खरं बोलावं म्हणून फळ्यावर लिहून देणारा मी.

केरबाने गाडी रस्त्यावर घेतली. सांगलीची पेठ दिसायला लागली तेव्हा म्हणाला, "हितनं मिरज किती?"

"सहा मैल."

"गूळ उतरवू आन जाऊ."

वजीरचं घर शोधायला वेळ लागला नाही. त्याचा थोरला भाऊ इलियास सतारी आणि तंबोरे करायचा. पुढच्या सोप्यात वाळलेले भोपळे टांगले होते, लाकडाचा भुसा पडला होता, आणि वजीर एक भोपळा घासत बसला होता. घासणं त्याला जमत नव्हतं, हे मलासुद्धा दिसलं. चौदा वर्षं बोटीवर काढलेला धिप्पाड माणूस तो, त्या नाजूक कामात त्याचे हात अडचणीत सापडल्यासारखे वाटत होते. केरबाला पाहून तो उठला, हसला. "या की! आवं, बसा."

केरबा बसला नाही. उभ्या उभ्याच म्हणाला, "वजीर, चाक मी फिरवलं हुतं. तुजी बोट सरळ हुती. मी खोटं बोललो."

कोपऱ्यात काम करणाऱ्या इलियासने हातातली पटाशी खाली ठेवली. वजीर दोन पावलं पुढे आला आणि त्याने केरबाच्या अंगरख्याला धरलं. मला वाटलं आता हा मारणार. केरबाने हात वर केला नाही. मार खायलाच तो आला होता, असं मला त्या वेळी वाटलं.

"मला वाटाया लागलं हुतं, माझंच डोसकं फिरलं," वजीर म्हणाला. त्याचा आवाज फुटला. "समदी म्हनत्यात तू वाकडी धरलीस, वाकडी धरलीस. मी बी म्हनाया लागलो, धरली आसंल बाबा. झोपंत बी चाक दिसतंय मला. आन तू ह्ये मला का सांगतोस? मी काय साहेब हाय? साहेबाला जाऊन सांग!"

"सांगनार हाय. तुला आदी सांगायचं हुतं."

आतल्या दारात वजीरची आई हाजराबी येऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती रडली नाही, ओरडली नाही. केरबाकडे बघत म्हणाली, "सच बोलने कू दो महिने लगे क्या रे तेरे कू?"

केरबाने मान खाली घातली. मीही घातली. म्हातारीने आम्हाला पाणी दिलं, बसा म्हणाली नाही. आम्ही पाणी पिऊन निघालो.

परतीच्या वाटेवर केरबा जेवला. आष्ट्याला दोन भाकरी आणि झुणका खाल्ला, वर कांदा मागून घेतला. मला राग आला. ज्याची नोकरी जाणार तो जेवतोय, आणि मी माझी भाकरी बैलांना घातली.

घरी मात्र व्हायचं ते झालंच. लालासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला आणि वकिलासारखा मुद्दा काढला. "नेम काय म्हनतो? मागून येनाऱ्यानं बाजूनं जायाचं. व्हय का न्हाई?"

"व्हय, तात्या."

"मग आगबोट मागून आली. चूक तिची. नेम तुझ्या बाजूला असताना तू सवताच्या गळ्यात धोंडा का बांधतोस?"

"तात्या, त्या नेमाला दुसरी बाजू हाय. फुडच्यानं आपली दिशा सोडायची न्हाई. मागच्यानं आपल्या भरवशावर हिसाब केलेला असतोय. मी सोडली. अर्धा नेम सांगून दुसऱ्याला बुडवायचं, ह्ये माज्यानं हुनार न्हाई."

"शेवाळ्यांच्या घरात आजवर कुनाचा पट्टा उतरला न्हाई!" लालासाहेब गरजले. "उतरला तर माझ्या दारात पाय ठेवायचा न्हाई."

"न्हाई ठेवनार," केरबा म्हणाला. अगदी शांतपणे, जणू उद्या कुठल्या रानात नांगर धरायचा ते ठरत होतं.

बनुबाई इतका वेळ उंबऱ्याआड होती. सुभेदार गेल्यावर बाहेर आली आणि तिने माझ्यादेखत नवऱ्याला धारेवर धरलं. "आवं, माझा संसार काय वाटंवर पडलाय व्हय? कुनीबी मागनं यावं आन तुमी कासरा वढून वाट द्यावी! तितं बी दिली, आता हितं बी द्या. त्या मिरजंच्या मानसाला आई हाय, तर माज्या पोरास्नी बाप नगं?"

केरबाला बायकोचं म्हणणं खोटं वाटत नव्हतं, हेच त्याचं दुखणं होतं. तो एवढंच म्हणाला, "बने, त्याच्या घरात जाऊन बगितलं म्या. त्यो भोपळं घासत हुता. त्याला येत न्हाई त्ये."

ती तोंड फिरवून आत गेली आणि तिने चुलीत फुंकणीने असा काही जाळ केला की सोप्यात धूर भरला.

चौकशीच्या साहेबांना द्यायचा अर्ज मी लिहिला. दोन दिवस टाळाटाळ केली, शाई संपली म्हणालो, शाळेचा तपासनीस येणार म्हणालो. तिसऱ्या दिवशी केरबा शाईची पुडी घेऊनच आला. मला म्हणाला, "मास्तर, तुमी न्हाई ल्हिला तर मी तलाठ्याकडं जाईन. पर तुमी ल्हिलेला बरा." मग लिहिला. इंग्रजीत एक, मराठीत एक. रजा नऊ दिवस शिल्लक असताना तो निघाला. मिरजेहून वजीर आणि तो एकाच आगगाडीने मुंबईला गेले. एकाच डब्यात समोरासमोर बसले, आणि पुण्यापर्यंत एकमेकांशी एक अक्षर बोलले नाहीत. पुण्याला वजीरने दोन चहा घेतले आणि एक केरबापुढे धरला.

चौकशीच्या खोलीत मी नव्हतो. पण केरबाने आणि वजीरने, दोघांनी मला निरनिराळ्या वेळी सांगितलं, आणि दोघांचं सांगणं जुळतं. टेबलामागे तीन साहेब होते. त्यातल्या मधल्याने अर्ज वाचला आणि दुभाष्यामार्फत विचारलं, "तुला हे सांगायला कुणी भाग पाडलं? आगबोटीच्या माणसाने काही दिलं?"

"न्हाई साहेब. त्यानं बिडी दिली हुती, ती बी आदी."

"तू चाक फिरवलंस ते कुणी पाहिलं?"

"कुनी न्हाई."

"मग तू गप्प बसला असतास तर कुणाला कधी कळलं नसतं."

"व्हय साहेब. मला सोडून."

साहेबाने त्याला टेबलावरच्या दोन पट्ट्या दिल्या आणि दाखव म्हणाला. केरबाने एक पट्टी पुढे धरली, दुसरी मागून उजव्या अंगाला आणली, आणि पुढची पट्टी डावीकडे वळवून तिची पिछाडी दुसरीवर कशी गेली ते दाखवलं. साहेब तिघंही वाकून बघत होते. मग डावीकडच्या साहेबाने विचारलं, असं का केलंस? केरबा म्हणाला, "गावाकडं मागनं गाडी आली की आमी वाट देतो, साहेब." दुभाष्याने ते इंग्रजीत सांगितलं तेव्हा मागे बसलेले दोघं-तिघं हसले. मधला साहेब हसला नाही.

"पहिल्या वेळी शपथेवर खोटं का बोललास?"

"भ्यालो."

"आता भीत नाहीस?"

"आता बी भीतोय," केरबा म्हणाला. "पर आता बोलायचं ठरवलंय."

निकाल त्याच आठवड्यात लागला. आगबोट फार जवळून नेली म्हणून तिच्या कप्तानाला ठपका. वजीरची काही चूक नाही, दाखला परत. केरबाची वरची जागा गेली, अठ्ठावीस दिवस कोठडी झाली, आणि कोठडीतून सुटल्यावर नोकरीतून मोकळा केला. पेन्शन नाही. त्या साहेबांवर मला राग धरता येत नाही. शपथेवर खोटं बोलल्याची किंमत कुठेतरी कुणालातरी द्यावी लागते, आणि ती ज्याची त्यानेच दिली. तरीही मला तेव्हा वाईट वाटलं, आजही वाटतं.

मे महिन्यात तो गावात आला. आमच्या गावची एक रीत होती. कुणी फौजेतून कायमचा परत आला की पारावर गाव जमायचं, आणि त्याच्या सुटकेचा कागद मास्तरांनी मोठ्याने वाचायचा. कुठे होता, किती वर्षं, आणि शेवटी वर्तणुकीचा शेरा. शेरा ऐकला की लोक "वा!" म्हणायचे. त्या वाक्यासाठी माणसं आयुष्यभर राबायची, असं म्हटलं तरी चालेल. केरबाला ही रीत टाळता आली असती. मागच्या वाटेने घरी गेला असता तर कुणी बोलावलं नसतं. तो ट्रंक घेऊन सरळ पाराकडे आला, ट्रंक खाली ठेवली आणि कागद माझ्या हातात दिला.

पारावर पंचवीस-तीस माणसं होती. लालासाहेब काठीवर हनुवटी टेकून बसले होते. बायका विहिरीच्या बाजूला उभ्या होत्या, त्यात बनुबाई. मी कागद उघडला. सगळा इंग्रजी. त्या पारावर माझ्याशिवाय एकालाही तो वाचता येत नव्हता. वर्तणुकीपुढे लिहिलं होतं ते मी वाचलं, आणि माझ्या मनात आलं, की हा एक शब्द बदलून वाचला तर काय बिघडतं? कुणाला कळणार? या माणसाने पुरेसं भोगलंय. मी घसा खाकरला.

"वाचा मास्तर," केरबा म्हणाला. तो माझ्याकडेच बघत होता. माझ्या मनातलं त्याला दिसलं असावं. "हाय तसं वाचा. एक अक्षर इकडंतिकडं न्हाई."

मी वाचलं. आरमारात दोन वर्षं आठ महिने. वरच्या जागेवरून खाली उतरवला. शपथेवर खोटी साक्ष दिल्याबद्दल अठ्ठावीस दिवसांची कोठडी. सेवेची आता गरज नाही. वर्तणूक, साधारण.

कुणी "वा" म्हणालं नाही. लालासाहेब उठले, धोतर झटकलं आणि पुतण्याकडे न बघता निघून गेले. माणसं एकमेकांकडे बघू लागली. मी कागदाची घडी घालायला घेतली.

"मास्तर, थांबा." बनुबाई पुढे आली होती. पदर डोक्यावर घट्ट ओढलेला, आवाज मात्र सगळ्या पाराला ऐकू जाईल असा. दोन महिने तिने नवऱ्याला माझ्या हातून एक ओळ लिहिली नव्हती. "त्या मिरजंच्या मानसाचं काय झालं?"

"दाखला मिळाला त्याला," केरबा म्हणाला. "मी सुटलो त्या दिशी त्यो बोटीवर चढला. धक्क्यावर भेटून गेला."

"मग त्ये बी वाचा की, मास्तर."

"बनुबाई, ते या कागदात नाही."

"कागदात न्हाई, म्हंजी झालं न्हाई व्हय?" ती पाराकडे वळली. "ऐकलं न्हवं समद्यांनी? एका आईचं लेकरू कामाला लागलं. आमच्या मालकांनी लावलं. आता जावा घरला."

तिने खाली वाकून ट्रंक उचलली आणि डोक्यावर घेतली. केरबाने ती घ्यायला हात पुढे केला, तिने दिली नाही. ती पुढे चालू लागली आणि तो तिच्या मागून घरी गेला.